रामिरोचे पणजोबा आणि मसाला दुधाचं द्वंद्व

आमच्या घरात ज्या पणजोबांचं नाव उठता-बसता निघायचं, ते आमचे पणजोबा नव्हते. आमचे खरे पणजोबा कोकणात कुठेतरी तलाठी होते, एवढंच बाबांना ठाऊक होतं, आणि त्याहून जास्त माहिती काढावी असं त्यांना कधी वाटलं नाही. आम्ही ज्यांना पणजोबा म्हणायचो ते अर्जेंटिनाचे होते. राजकारणी आणि पत्रकार. गालभर कल्ले, काळा कोट, आणि फोटो काढणाऱ्यानेच नुकता अपमान केलाय असा चेहरा. त्यांच्या फोटोची फोटोकॉपी आमच्या हॉलमध्ये गणपतीच्या तसबिरीशेजारी फ्रेम करून लावलेली होती. नवा पाहुणा आला की हमखास विचारायचा, हे कोण? आई चहा गाळता गाळता सांगायची, "शेजाऱ्यांचे पणजोबा." यावर पुढे काय विचारावं ते पाहुण्याला सुचायचं नाही, आणि आईला तेच हवं असायचं.

हे सगळं मी आत्ता का लिहायला घेतलं? माझं वय काही आत्मचरित्र लिहिण्याचं नाही, असं माझा नवरा म्हणतो. पण गल्फमध्ये हिशेब वेगळा आहे. साठी आली की नोकरी, व्हिसा, घर, सगळं एकदमच खलास होतं, तेव्हा आठवणी लिहायला चाळिशीतच बसलेलं बरं. शिवाय दुबई मरीनाच्या या फ्लॅटमध्ये करण्यासारखं दुसरं काही नाही. काचेची भिंत आहे, तिच्यातून दुसऱ्या इमारतीची काचेची भिंत दिसते, आणि खिडकी म्हणून उघडेल असं काही नाही. लहानपणी मी ज्या घरात राहिले त्या घराच्या खिडक्या उघडायच्या, आणि त्यातून काय काय आत यायचं ते आता सांगते.

अबू धाबीच्या विमानतळाच्या बाजूला खलिफा सिटी नावाची वस्ती आहे. तिथे मोठमोठे व्हिला, आणि एकेका व्हिलाचे भिंती घालून केलेले तुकडे. आमच्या वाट्याला वरचा मजला आला होता. मागच्या अंगाला पूर्वी जिथे मालकाचे पाहुणे बसायचे, त्या लांबलचक खोलीत रामिरो राहायचा. हा अर्जेंटिनाचा घोड्यांचा डॉक्टर. जवळच कुणा श्रीमंताच्या तबेल्यात पोलोचे घोडे होते, त्यांच्या पायांची आणि पोटांची काळजी घेणं हे त्याचं काम. वय साठीच्या आतबाहेर, बायको नाही, डोक्यावर सदा टोपी, आणि इंग्रजी अशी की एका वाक्यात तीन देश यायचे. आई त्याला रामराव म्हणायची. तो दर गुरुवारी संध्याकाळी अंगणात कोळशावर मांस भाजायचा. त्याचा धूर आमच्या स्वयंपाकघरात यायचा, आई नाक मुरडून खिडकी लावायची, आणि ती वळली की बाबा हळूच खिडकी उघडायचे. बाबा म्हणायला शाकाहारी होते. सकाळी तो एका भोपळ्याच्या वाटीत हिरवा पाला घालून, गरम पाणी ओतून, धातूच्या नळीने ओढत बसायचा. पहिले सहा महिने आईला वाटायचं बिचाऱ्याला खोकला आहे, म्हणून ती त्याला आल्याचा कीस पाठवायची. तो तेही त्याच वाटीत घालून प्यायचा. चांगला माणूस होता.

शुक्रवारी सुट्टी. शुक्रवारी सकाळी दिलीपकाका आणि शैलाकाकी दुबईहून यायचे. दिलीपकाका आणि बाबा पुण्यात हॉस्टेलला एका खोलीत राहिलेले, पुढे-मागे गल्फमध्ये आलेले. बाबा ऑफिसात सुधाकर सर आणि मराठी मंडळात संपादक, पण काकांच्या तोंडी कायम सुध्या. काका बाबांच्या तोंडी दिल्या. काका दुबईतल्या रास अल खोरला एका शीतगृहाच्या कंपनीत मॅनेजर होते, घाऊक भाजीबाजार शेजारीच, त्यामुळे त्यांच्या गाडीची डिकी उघडली की मेथीच्या जुड्या, मिरच्यांचं खोकं, कधी शेवग्याच्या शेंगा असा माल निघायचा. आई प्रत्येक जुडीचा भाव दिरहॅममध्ये विचारायची, मग मोठ्याने रुपये करायची, मग "अगं बाई" म्हणून कपाळाला हात लावायची आणि सगळी मेथी ठेवून घ्यायची. काका-काकींना मूलबाळ नव्हतं. काका मला मने म्हणायचे. कॅरम त्यांनीच शिकवला, आणि हरल्यावर सोंगट्या उधळायच्या नाहीत हेही त्यांनीच शिकवलं, जरी ते स्वतः उधळायचे.

आईचे पोहे झाले की रामिरो आपली वाटी आणि नळी घेऊन वर यायचा, आणि मग पणजोबा सुरू व्हायचे. दर शुक्रवारी एक प्रसंग. पणजोबांनी सरकारला झोडपायला वर्तमानपत्र काढलं. सरकारने छापखान्याला कुलूप घातलं, तर पणजोबा नदीपलीकडच्या देशात पळाले आणि तिथून पेपर छापून पिठाच्या पोत्यांतून अलीकडे पाठवू लागले. लोक म्हणे पावात शाईचे डाग बघून ओळखायचे की ताजा अंक आलाय. पुढे सरकार पडलं, पणजोबा निवडून आले, मंत्री झाले. मंत्री झाल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी स्वतःच्या पेपरात स्वतःच्या खात्यावर इतका जहरी अग्रलेख लिहिला, की राजीनामा द्यावा लागला. "आणि त्या राजीनाम्यावरही त्यांनी टीका केली," रामिरो अभिमानाने सांगायचा. मी शाळेत इंग्रजीत हुशार, त्यामुळे रामिरोचं अडलेलं वाक्य सोडवून मराठीत सांगायचं काम माझ्याकडे. काका पोटभर हसायचे. बाबा हसायचे नाहीत. बाबांचे डोळे चमकायचे.

त्याचं कारण होतं. आमच्या मराठी मंडळाचं 'खजूर' नावाचं छोटं पत्र निघायचं, आणि बाबा त्याचे संपादक होते. दिवसा एसीचे डक्ट बनवणाऱ्या कंपनीत अकाउंट्स, संध्याकाळी संपादन. 'खजूर'मध्ये तोवर वाढदिवस, पाककृती आणि शाळांचे निकाल एवढंच असायचं. बाबांनी त्यात पणजोबांचं चरित्र क्रमशः सुरू केलं. दोन अंकांनंतर लोकांनी विनंती केली की पाककृतींची जागा कमी करू नका. बाबांना वाटलं, पणजोबांना झालेल्या विरोधाची सुरुवातही अशीच होती. त्या दिवसापासून त्यांचं लिहिणं बदललं. सोसायटीच्या पार्किंगवर लिहिलं तरी त्यात जनता, जुलूम आणि इतिहास हे शब्द येऊ लागले. आई मला म्हणायची, "तुझ्या बाबांच्या अंगात वारं शिरलंय. जेवायला बोलवलं तर म्हणतात, जनता जेवली का."

आणि मग कोजागरी आली. दिलीपकाका मंडळाचे अध्यक्ष होते. त्या वर्षी दुसरं कोणी उभंच राहिलं नव्हतं. कोजागरीचं मसाला दूध म्हणजे मंडळाचा मानाचा कार्यक्रम, तासन्‌तास आटवायचं, वेलदोडा, जायफळ, केशर, चारोळी. काकांनी त्या वर्षी काय केलं, तर डब्यातलं घट्ट दूध गरम पाण्यात ढवळलं आणि वर बाजारची मसाला पावडर भुरभुरली. पन्नास कुटुंबांनी ते प्यायलं आणि तोंडं पुसून घरी गेली. कोणी काही बोललं नाही, कारण ते आपले दिलीपकाका. बाबा मात्र घरी आले ते सरळ टेबलाशी बसले. आठवड्याने 'खजूर'चा अंक निघाला, अग्रलेखाचं नाव 'दुधाचा खून'. त्यातलं एक वाक्य मला अजून तोंडपाठ आहे, कारण ते लिहून झाल्यावर बाबांनी ते आम्हाला तीनदा वाचून दाखवलं होतं: "ज्यांना दूध आटवण्याइतका धीर नाही, त्यांनी संस्था आटवू नये; त्यांनी खुर्ची सोडावी, आणि आजच सोडावी."

काकांचा मेसेज आला. त्या वेळचे फोन छोटे, मेसेज इंग्रजी अक्षरांत. एवढंच होतं: "सुध्या, आपला संबंध संपला. खलास." बाबांनी तो वाचला, आणि एखादं मोठं बक्षीस मिळाल्यासारखा फोन टेबलावर ठेवला. "पणजोबांना असे मेसेज दर आठवड्याला यायचे," ते म्हणाले. पण पुढच्या शुक्रवारी गाडी आली नाही. डिकी उघडल्याचा आवाज नाही, मेथी नाही. आईने पोहे नेहमीच्या मापाने केले आणि ते शनिवारीही उरले. त्याच्या पुढच्या शुक्रवारी बाबा खिडकीपाशी पेपर घेऊन बसले आणि बराच वेळ त्यांनी पान उलटलं नाही. मी विचारलं, "बाबा, तुम्हीच फोन करा ना." तर म्हणाले, "मी का करू? लेखणी माघार घेत नसते." आई आतून म्हणाली, "लेखणी जेवायला येते का बघ. आणि त्या दिलीपलाही अक्कल नाही. पावडर टाकतो म्हणे दुधात." आई त्या दिवसांत दोघांनाही सारख्याच शिव्या घालायची, बाबांना तोंडावर आणि काकांना माघारी. मला रडू यायचं. मला वाटायचं, आता माझा कॅरमचा डाव कायमचाच मोडला.

रामिरोला हे समजल्यावर तो अजिबात दुःखी झाला नाही. उलट टोपी काढून त्याने ती मांडीवर ठेवली, आणि मी त्याच्या तोंडून कधी न ऐकलेल्या गंभीर आवाजात बोलायला लागला. त्यांच्याकडे पणजोबांच्या काळात म्हणे अग्रलेखावरून द्वंद्व व्हायचं. खरंखुरं, पिस्तुलाचं नाहीतर तलवारीचं. पण त्याची एक पद्धत होती. ज्याचा अपमान झाला आणि ज्याने केला, त्या दोघांनी एकमेकांशी एक अक्षर बोलायचं नाही. प्रत्येकाने आपले पाठीराखे नेमायचे. पाठीराख्यांनी भेटायचं, अपमान खरंच झाला का ते ठरवायचं, शस्त्र ठरवायचं, अंतर ठरवायचं. "आणि," रामिरो बोट वर करून म्हणाला, "चांगले पाठीराखे असले, तर दहापैकी नऊ वेळा ते असं काहीतरी शोधून काढतात की कोणालाच माफी मागावी लागत नाही." बाबांनी हे ऐकलं आणि ताठ बसले. आपण माफी मागणार नाही, पण द्वंद्वाला तयार आहोत, असं त्यांनी जाहीर केलं. रामिरोने दिलीपकाकांना फोन लावला. पलीकडून काका म्हणाले, "सांग त्याला, मीही तयार आहे. मला काय भीती आहे?"

माझी मुलगी आता चौदा वर्षांची आहे. तिला मी हे सांगितलं तर म्हणते, "आई, दे वेअर ग्रोन मेन. व्हाय डिडन्ट दे जस्ट टॉक?" मी तिला म्हटलं, बोलता आलं असतं तर भांडले कशाला असते? ती फोनकडे वळली.

आता पाठीराखे कोण, हा प्रश्न आला. बाबांनी आईकडे पाहिलं. आई लसूण सोलत होती. "मी तुमच्या बाजूने नाही," ती म्हणाली. "तुम्ही चुकलाय. मी दिलीपभावजींची पाठीराखी." हे कमी म्हणून तासाभरात शैलाकाकींचा फोन आला: त्या बाबांच्या बाजूने उभ्या राहणार. "दूध खरंच वाईट होतं हो," त्या म्हणाल्या, "मी स्वतः ह्यांना सांगत होते." रामिरो पहिल्यांदाच गोंधळला. पणजोबांच्या काळात बायका पाठीराख्या नसायच्या, आणि नवऱ्याच्या विरुद्ध बाजूने तर कोणीच नसायचं. आई म्हणाली, "मनू, रामरावांना सांग, तिकडे चालत नसेल, खलिफा सिटीत चालतं." मी सांगितलं. रामिरोने थोडा विचार केला, कमरेत वाकून आईला नमस्कार केला, आणि स्वतःला द्वंद्वाचा मुख्य पंच नेमून टाकलं.

बोलणी आमच्याच हॉलमध्ये झाली, एका गुरुवारी दुपारी. पद्धतीप्रमाणे दोन्ही पक्षांनी एकमेकांना दिसायचं नव्हतं, म्हणून बाबा आतल्या खोलीत दार लावून, आणि दिलीपकाका खाली गाडीत, एसी चालू ठेवून. मी चहा-खाण्याकडे आणि रामिरोच्या इंग्रजीकडे. पाठीराख्यांचं एकमत व्हायला चकली संपेपर्यंतही वेळ लागला नाही. काकी म्हणाल्या, माझा नवरा चुकला. आई म्हणाली, छे हो, माझा जास्त चुकला. रामिरो निराश होऊन माझ्याकडे बघायला लागला, कारण यात लढत कुठेच नव्हती. मग आईने सहज विचारलं, "पण एवढ्या तेवढ्यावर संबंध तोडायचा का हो? हे तर हॉस्टेलपासून भांडतायत." आणि शैलाकाकी एकदम रडायला लागल्या, आत आवाज जाऊ नये म्हणून रुमाल तोंडाशी धरून.

तो अग्रलेख आला त्याच आठवड्यात कंपनीने काकांना बोलावलं होतं. शीतगृहं दुसऱ्या कोणी विकत घेतली होती, नव्या मालकांची स्वतःची माणसं होती. इतक्या वर्षांची नोकरी, आणि सांगितलं काय, तर खुर्ची रिकामी करा. व्हिसा रद्द व्हायचा होता, महिन्याच्या आत देश सोडायचा होता. त्या दिवशी काका घरी आले, संगणक उघडला, आणि त्यात 'खजूर' आलेला. "खुर्ची सोडावी, आणि आजच सोडावी," काकी आतल्या दाराकडे बघत कुजबुजल्या. "सुधाकरभावजींना काय माहीत, बिचाऱ्यांना. पण ह्यांना ते कसं लागलं असेल बघा. आणि आता मला शपथ घातलीये, सुध्याला सांगायचं नाही. म्हणतात, त्याला कळलं तर तो धावत येईल, आणि मला त्याची दया नको. यायचं तर भांडायला येऊ दे." रामिरोने मला खालच्या आवाजात विचारलं, काय झालं? मी सांगितलं. त्याने टोपी काढली. आईने काकींचा हात धरला आणि शपथ घेतली की या भिंतीबाहेर एक शब्द जाणार नाही. मीही घेतली. रामिरोने पणजोबांच्या फोटोकडे बघून घेतली. म्हणजे आता परिस्थिती अशी होती: पंधरा दिवसांनी विमान, त्याच्या आत या दोघांना एकत्र आणायचं, बाबांना काहीही कळू न देता, आणि माफी कोणी मागणार नाही. हे जमलं नाही तर काका तसेच, न बोलता, कायमचे जाणार होते.

शस्त्र निवडायचा हक्क ज्याचा अपमान झाला त्याचा. काकांनी गाडीतून निरोप पाठवला, कॅरम. बाबांनी दाराआडून हरकत घेतली, कारण काका कॅरममध्ये त्यांना कधीच जिंकू द्यायचे नाहीत. आई म्हणाली, पळायची शर्यत नको, दोघांनाही अ‍ॅम्ब्युलन्स लागेल. शेवटी काकींनी डोळे पुसत तोडगा काढला. गुन्हा वाक्याने झालाय, तर शस्त्रही वाक्यच असू दे. पाठीला पाठ लावून उभं राहायचं, रामराव म्हणतील तितकी पावलं चालायची, वळायचं, आणि प्रत्येकाने एकच वाक्य बोलायचं. आधी ज्याचा अपमान झाला तो. मग दुसरा. एवढ्यावर प्रकरण मिटलं असं समजायचं. रामिरो हे ऐकून इतका भारावला की त्याने आपली वाटी आईला दिली, आणि आईने शास्त्रापुरता त्या नळीतून एक घोट घेतला. तिचं तोंड बराच वेळ वाकडं होतं. आतून बाबांचा आवाज आला, "पोटवाक्यं चालतील का?" रामिरोला मी अडखळत समजावलं. त्याने निकाल दिला: चालतील, पण श्वास एकच.

पुढचा आठवडा बाबा गच्चीवर येरझाऱ्या घालत वाक्याची तालीम करत होते. मला खालून ऐकू यायचं. "ज्याअर्थी..." इथून सुरू व्हायचं, आणि "त्याअर्थी" येईस्तोवर श्वास संपायचा. मग पुन्हा पहिल्यापासून. मध्येच ते रामिरोकडे जाऊन विचारायचे, पणजोबा अशा वेळी काय करायचे? पणजोबा म्हणे दोनदा द्वंद्वाला उभे राहिले होते. एकदा समोरच्याला सर्दी झाली म्हणून लांबणीवर पडलं, आणि दुसऱ्यांदा पणजोबांना लांबचं दिसत नसल्यामुळे त्यांनी बिचाऱ्या झाडाला गोळी घातली. बाबांनी हे ऐकून चष्मा पुसला. घरात आई विलक्षण शांत होती. आईच्या तोंडात तीळ भिजत नाही हे आमच्या अख्ख्या मंडळाला माहीत. मला धास्ती होती की आज बोलेल, उद्या बोलेल. पण ती पोळ्या लाटायची, वाढायची, आणि गप्प. बाबांनी जेवताना एकदा मुद्दाम काढलं, "त्या दिल्याने अध्यक्ष म्हणून काय दिवे लावले?" आई म्हणाली, "असू दे. आमटी वाढू?" बाबा तिच्याकडे बघत राहिले आणि त्यांनी आमटी घेतली नाही.

शुक्रवारी पहाटे अजानचा आवाज विरतोय तोच आम्ही तबेल्यामागच्या मैदानावर पोहोचलो. मालक परदेशात होता, राखणदाराला रामिरोने आधीच सांगून ठेवलं होतं. वाळू दवाने ओली. बाजूच्या कठड्यावरून घोडे माना काढून बघत होते. बाबांनी त्यांच्या लग्नातला सूट घातला होता, जो आता त्यांना पुढून मिटत नव्हता. काका मंडळाच्या अध्यक्षपदाचा निळा कोट घालून आले होते. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. काका बारीक झाले होते, ते मला एकदम जाणवलं. आई आणि काकी एकमेकींचा हात धरून उभ्या होत्या, विरुद्ध पक्षांच्या पाठीराख्या. रामिरोने दोघांना पाठीला पाठ लावून उभं केलं. काका उंच, बाबा बुटके, त्यामुळे बाबांचं डोकं काकांच्या खांद्यांच्या मध्ये आलं. रामिरो स्पॅनिशमध्ये पावलं मोजायला लागला, आणि ते दोघं वाळूतून चालायला लागले, एक अबू धाबीकडे तोंड करून, एक दुबईकडे. बुटांत वाळू जात होती म्हणून काका मध्येच पाय झटकत होते. "यल्ला! चला, वळा," रामिरो ओरडला.

दोघं वळले. बरंच अंतर पडलं होतं. पहिली पाळी काकांची. त्यांनी कोटाचं बटण लावलं, छाती भरून घेतली, आणि मोकळ्या मैदानात स्वच्छ आवाजात म्हणाले, "सुध्या, तुझ्या अख्ख्या अग्रलेखात शुद्धलेखनाची एक चूक नव्हती, आणि माझ्याबद्दल मायेचा एक शब्द नव्हता."

बाबा खरोखर एक पाऊल मागे सरकले. आता त्यांची पाळी. मला ते वाक्य पाठ झालं होतं, "ज्याअर्थी" पासून शेवटपर्यंत, आणि ते आता सुरू होणार म्हणून मी डोळे मिटून घेतले. डोळे उघडले तर बाबा चष्मा काढून उभे. मग त्यांनी हाक मारल्यासारखं म्हटलं, "दिल्या, तू परत गेलास की या सगळ्या वाळवंटात मी भांडू कोणाशी रे?"

काकांनी काकींकडे पाहिलं. काकींनी आईकडे पाहिलं. आईने गळ्याला चिमूट लावून मान हलवली, मी नाही, देवाशपथ मी नाही. काका तिथूनच ओरडले, "कोणी सांगितलं तुला?" हे दुसरं वाक्य होतं, नियमाबाहेरचं, पण रामिरोने हरकत घेतली नाही. बाबा म्हणाले, "कोणीच नाही. ही आठ दिवस तुला शिव्या देत नाहीये. इतक्या वर्षांत असं कधी झालंय? मी समजलो, काहीतरी वाईट आहे. तुझ्या ऑफिसात फोन केला. कोणीतरी नवाच बोलला, म्हणाला, त्या खुर्चीवर आता मी आहे." मग बाबा चष्मा हातात फिरवत राहिले. म्हणजे त्यांना आधीच सगळं कळलं होतं. तरी ते गच्चीवर तालीम करत राहिले, तो न मिटणारा सूट घालून पहाटे वाळूत आले, कारण काकांना त्यांची दया नको होती, भांडण हवं होतं, आणि हे त्यांना कोणी सांगावं लागलं नाही. हे मला तिथे उभ्या उभ्या समजलं, आणि मी भोकाड पसरलं.

रामिरोला मराठी येत नव्हती. तो माझ्याजवळ आला आणि त्याने विचारलं, तुझे बाबा काय म्हणाले? मी हुंदके देत इंग्रजीत सांगितलं. त्याने क्षणभर मैदानाकडे पाहिलं. काका उभ्या जागी हुंदके देत होते, बाबांचे खांदे हलत होते, आणि दोघांपैकी एकाचाही पाय पुढे पडत नव्हता, कारण पद्धतीत तसं सांगितलेलं नव्हतं. मग तो डॉक्टर माणूस वाळूतून चालत आधी काकांकडे गेला, त्यांचा चेहरा हनुवटीला धरून वर केला आणि नीट पाहिला. तिथून तो बाबांकडे गेला आणि त्यांचाही तसाच पाहिला, जसा तो घोड्यांचा बघायचा. मैदानाच्या मधोमध येऊन त्याने टोपी काढली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं इंग्रजीत जाहीर केलं, आणि मी मागोमाग मराठीत सांगितलं:

"दोघांनाही लागलंय. जोरात लागलंय. लढत थांबवण्यात येत आहे, घरच्यांनी जखमींना घेऊन जावं."

मग आई काकांकडे धावली आणि शैलाकाकी बाबांकडे.